पावसाळा आला की रेझिनचे ब्लॉक मऊ आणि सेक्शनला भोकं: कारण कुठे शोधायचं

जून संपत आला की आमच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या लॅबमध्ये दर वर्षी हाच त्रास सुरू व्हायचा. मार्च-एप्रिलमध्ये किडनी बायोप्सीचे जे ब्लॉक (टणक रेझिनमध्ये बसवलेले किडनीचे तुकडे) काचेसारखे कापले जायचे, त्याच कृतीने आणि त्याच हातांनी केलेले ब्लॉक जुलैत नखाने दबायचे. अल्ट्रामायक्रोटोमवर, म्हणजे अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, सेक्शनची (कापांची) रिबन धड निघायची नाही, निघाली तर सुरकुतायची, ग्रिडवर (धातूच्या बारीक जाळीवर) घेतली तर मायक्रोस्कोपच्या इलेक्ट्रॉन बीमखाली फाटायची. आणि जी टिकायची तिच्यात भोकं नेमकी कॅपिलरी लूपच्या (केशवाहिन्यांच्या वेटोळ्यांच्या) आत, म्हणजे जिथे बघायचं तिथेच.

परळच्या आमच्या लॅबमध्ये तीन पावसाळे आम्ही चुकीच्या टोकाला शोधत बसलो. डायमंड नाइफ धार लावायला पाठवली, कापण्याचा वेग बदलला, मायक्रोस्कोपवाल्या इंजिनिअरला दोनदा बोलावलं. दोष त्यातल्या कशातच नव्हता. चौथ्या वर्षी कारण सापडलं, आणि ते म्हणजे पाणी. पावसाळ्यातल्या हवेतलं पाणी कुठून कुठून आत शिरतं आणि ते कसं ओळखायचं, हे मुंबई-ठाण्यात किंवा कोकणपट्टीत हेच काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे सांगायला हवं की एवढी धडपड कशासाठी. किडनी बायोप्सीत साधा मायक्रोस्कोप आणि इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी) बरंच सांगून जातात, पण काही प्रश्नांचं उत्तर फक्त इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर मिळतं, आणि ते नॅनोमीटरमध्ये असतं. प्रौढ माणसाच्या ग्लोमेरुलसची (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाची) बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीचा पडदा, साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर जाड असते. ती सगळीकडे २५०च्या खाली आली की थिन बेसमेंट मेम्ब्रेनचा विचार करायचा, कुठे पातळ कुठे जाड आणि आतून पदर सुटलेली दिसली की अल्पोर्ट या आनुवंशिक आजाराचा. साठलेले तंतू ८ ते १२ नॅनोमीटरचे असले तर अमायलॉइडचा आजार, २०च्या आसपास असले तर फायब्रिलरी प्रकारचा. मिनिमल चेंज आजारात साध्या मायक्रोस्कोपखाली ग्लोमेरुलस जवळपास नॉर्मल दिसतो, पोडोसाइट पेशींच्या पायांसारख्या फांद्या, म्हणजे फूट प्रोसेस, सपाट झाल्याचं इथेच कळतं. अशा ठिकाणी भोक पडलेलं, ताणलेलं, फाटलेलं सेक्शन निदानच अडवून धरतं.

जुलैमधली एक केस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एकोणीस वर्षांची मुलगी, लघवीत रक्त, घरात मामालाही किडनीचा आजार. डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता: थिन बेसमेंट मेम्ब्रेन की अल्पोर्ट? आमच्याकडे आलेला तुकडा जेमतेम दीड मिलिमीटरचा, टोलुइडिन ब्लूने रंगवलेल्या, आधी चाचपणीला काढायच्या जाड सेक्शनमध्ये ग्लोमेरुलस एकच. तो एक ग्लोमेरुलस मी ग्रिडवर घेतला, बीम सोडला, आणि चारपैकी तीन लूप माझ्यासमोर उघडत गेले, जसं ओल्या वर्तमानपत्राला बोट लागावं तसे. उरलेल्या लूपची मेम्ब्रेन भोकाच्या काठावर ताणलेली होती. ती मोजून आकडा देता आला असता, पण तो खोटा आकडा ठरला असता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरा ब्लॉक आहे?" नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा मायक्रोस्कोप बंद करून मागे जायला लागलो, एकेक पायरी.

पहिला प्रश्न: पूर्ण ब्लॉक मऊ, की फक्त तुकडा मऊ?

सगळी उकल या एका प्रश्नावर आहे, म्हणून इथे घाई करू नका. ब्लॉक ओव्हनमधून काढून थंड होऊ द्या. मग ज्या भागात टिश्यू नाही, नुसतं रेझिन आहे, त्या कोपऱ्यात नख रोवा. खूण उमटली तर रेझिनच नीट जमलेलं नाही. कोपरा टणक आहे, पण स्टिरिओमायक्रोस्कोपखाली ट्रिम करताना टिश्यूचा भाग ब्लेडखाली मेणासारखा निघतो किंवा भुगा होतो, तर रेझिन ठीक आहे. ते टिश्यूच्या आत शिरलेलं नाही. म्हणजे आत काहीतरी आधीच बसलेलं होतं, बहुतेक वेळा पाणी.

हा फरक डोळ्यांनी पक्का कळावा म्हणून आम्ही आता प्रत्येक बॅचला एक रिकामा ब्लॉक ओततो. तेच रेझिन, तोच साचा, तोच ओव्हन, फक्त आत टिश्यू नाही. खर्च काही नाही, आणि बॅच बिघडली तर पाच मिनिटांत समजतं की दोष कुठल्या अर्ध्यात आहे. पुढचं सगळं वाचण्याआधी निदान एवढं तरी सुरू करा.

टिश्यू मऊ, रेझिन टणक: अल्कोहोल तपासा

आमच्याकडे हेच होतं. टिश्यू टिकवणाऱ्या ऑस्मियमनंतर ५०, ७०, ९० टक्के आणि मग ॲब्सोल्यूट (निर्जल) अल्कोहोल, त्यानंतर अल्कोहोल आणि रेझिन यांच्यामधला दुवा असलेलं प्रोपिलीन ऑक्साइड, मग रेझिन. इपॉक्सी रेझिन पाण्यात मिसळत नाही. म्हणून अल्कोहोलने टिश्यूतलं पाणी पूर्ण काढणं हा या साखळीचा जीव आहे. पण ॲब्सोल्यूट अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. अर्धा लिटरची बाटली महिनाभर रोज उघडली, तर लेबलवर ॲब्सोल्यूट छापलेलं राहतं आणि आतलं अल्कोहोल हळूहळू ॲब्सोल्यूट राहत नाही. एप्रिलमध्ये हे चालून जातं. जुलैत नाही.

तपासणी शाळेतल्या प्रयोगाइतकी सोपी आहे. मोरचुदाचे निळे खडे चिनी मातीच्या बशीत मंद आचेवर तापवायचे. निळा रंग जाऊन पांढरी पूड झाली की लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करायची. जास्त तापवलं तर काळपट पडते, ती घेऊ नका. कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर पूड, वर दोन मिलिलिटर अल्कोहोल, बूच लावून हलवायचं. मी आमच्या चालू बाटलीतलं अल्कोहोल घातलं. आधी तळाशी पांढरंच दिसलं. मग पुडीच्या कडेला फिकट आकाशी छटा आली आणि मिनिटाभरात सगळा थर निळा झाला. शेजारी त्याच दिवशी सील तोडलेल्या बाटलीचं टेस्ट ट्यूब ठेवलं होतं, ते पांढरंच राहिलं. आमच्या लॅबमधले मामा, जे वीस वर्षं बाटल्या धुताहेत, ते म्हणाले, "मग ताई, आपण इतके दिवस पाण्यानेच सुकवत होतो."

एक सावधगिरी: निळं झालं तर पाणी नक्की आहे, पण पांढरं राहिलं म्हणून अगदी कोरडं आहे असं धरू नका. थोडं पाणी ही चाचणी पकडत नाही.

उपाय म्हणून आम्ही मोठी बाटली घेणं बंद केलं. शेवटच्या तीन बदलांसाठी छोटी बाटली, सील त्याच सकाळी तोडायचं, उरलेलं अल्कोहोल ७० टक्क्यांचं करायला वापरायचं. मोठी बाटलीच वापरावी लागत असेल तर तळाशी तीन अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सिव्ह घाला. त्याच्या छिद्रांत पाण्याचा रेणू जातो, अल्कोहोलचा जात नाही. मात्र सिव्ह आधी ओव्हनमध्ये तापवून कोरडे केलेले हवेत, आणि बाटली हलवून लगेच ओतू नका. सिव्हची बारीक पूड टिश्यूबरोबर ब्लॉकमध्ये गेली तर ती डायमंड नाइफच्या धारेला खाच पाडते, आणि त्या नाइफची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

पूर्ण ब्लॉक मऊ: रेझिनची बाटली कशी उघडता ते बघा

लुफ्ट यांनी १९६१मध्ये इपॉन ८१२ या इपॉक्सी रेझिनची कृती दिली, आज आपण त्याला पर्यायी रेझिन वापरतो, पण रसायन तेच आहे. हार्डनर म्हणून जे डीडीएसए आणि एनएमए घालतो ते ॲनहायड्राइड आहेत. पाणी लागलं की त्यांचं ॲसिड होतं आणि मग ते रेझिनचे धागे एकमेकांना बांधण्याचं काम धड करत नाहीत. ओव्हनमध्ये चार दिवस ठेवा, ब्लॉक चिवट रबरासारखाच राहील.

हे पाणी येतं कुठून? आमच्याकडे बाटल्या फ्रिजमध्ये असतात, सकाळी काढायच्या आणि लगेच मोजायला घ्यायच्या अशी सवय होती. जुलैत फ्रिजमधून काढलेल्या बाटलीचं झाकण उघडा आणि टॉर्च धरून गळ्याच्या आत बघा. काचेवर दवासारखे बारीक थेंब जमताना दिसतात, आणि दोन-तीन थेंब एक होऊन खाली घरंगळतात. ते सरळ हार्डनरमध्ये जातात. मी हे बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण अशा रीतीने किती बाटल्या उघडल्या असतील याचा हिशेब मनात सुरू झाला.

आता बाटल्या आदल्या संध्याकाळी काढून, घट्ट बंद अवस्थेत, डेसिकेटरमध्ये ठेवतो आणि सकाळी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडतो. हार्डनर आल्या आल्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवतो, म्हणजे एक बाटली चार-पाचदाच उघडते.

याच गटातली दोन कारणं पावसाळ्याशी संबंधित नाहीत, पण दोष तसाच दिसतो. एक, मिसळणं. शेवटी घालतो तो डीएमपी-३० (रेझिन जमण्याचा वेग वाढवणारा) थोडासाच असतो आणि रेझिन घट्ट. नीट ढवळलं नाही तर एकाच बॅचमधला एक ब्लॉक ठिसूळ आणि शेजारचा मऊ निघतो. बॅचमध्ये असा चढउतार दिसला की आधी मिसळण्यावर संशय घ्या. दोन, ओव्हन. डायलवर ६० अंश दाखवतो म्हणून आत ६० असतातच असं नाही. थर्मामीटर आत ठेवून बघा. रात्री वीज गेली होती का तेही विचारा. नुसती उष्णता कमी पडली असेल तर ब्लॉक पुन्हा ६० अंशांवर आणखी ४८ तास ठेवल्यावर सुधारतो. पाण्याने बिघडलेला ब्लॉक सुधारत नाही, यावरूनही कारण ओळखता येतं.

रात्रभर उघड्या राहिलेल्या कुप्या

प्रोपिलीन ऑक्साइड ३४ अंशांना उकळतं. मुंबईत मे महिन्यात एसी बंद असलेली खोली तिथपर्यंत पोचतेच, म्हणून ती बाटली फ्यूम हूडखालीच, आगीपासून लांब, आणि झाकण लावून. ते टिश्यूत उरलं तरी ब्लॉक मऊ होतो. म्हणून प्रोपिलीन ऑक्साइड आणि रेझिनचं मिश्रण घातल्यावर कुप्या रात्रभर उघड्या ठेवून ते उडू द्यायचं, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आमच्याकडेही होती. कोरड्या हवेच्या गावात ती बरोबर असेल. पण संध्याकाळी सहाला एसी बंद झाला, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि कुपी उघडी, तर रात्रभर एक उडतं आणि दुसरं आत येतं.

आम्ही उघड्या कुप्या आता सिलिका जेल भरलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवतो, डेसिकेटर फ्यूम हूडमध्ये. जेलचा रंग रोज बघायचा आणि बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरायचं. सिलिकॉनचे साचे आणि ब्लॉकमध्ये घालायच्या कागदाच्या चिठ्ठ्यासुद्धा ६० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास तापवून मगच घेतो. चिठ्ठीचं कुणाच्या लक्षात येत नाही. कागद हवेतलं पाणी धरून ठेवतो, आणि ब्लॉक चिठ्ठीभोवतीच मऊ किंवा बुडबुड्यांचा होत असेल तर हेच कारण समजा.

पावसाचा काही संबंध नसलेली भोकं

सगळा दोष हवेवर टाकून मोकळं होऊ नये. पेशीच्या आतच गोल-अनियमित पोकळ्या, केंद्रकातसुद्धा, आणि पेशींचे पडदे ढकलल्यासारखे दिसले तर टिश्यू कधीतरी गोठलेला आहे. एका रुग्णालयातून आमच्याकडे वसईमार्गे लोकलने डबे यायचे. बर्फाला टेकून बाटली ठेवलेली असायची. त्यांना फोन करून सांगितलं की ग्लुटारल्डिहाइडच्या (टिश्यू टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीला बर्फ लागू देऊ नका, तेव्हापासून त्या पोकळ्या थांबल्या.

तसंच सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजवर तासभर पडलेला तुकडा, किंवा इम्युनोफ्लुरोसन्सच्या मिशेल माध्यमात चुकून गेलेला तुकडा. त्यातल्या मायटोकॉन्ड्रिया फुगलेल्या आणि पडदे विस्कटलेले दिसतात. याला लॅबमध्ये औषध नाही. बेडसाइडलाच एक-दोन मिलिमीटरचा कॉर्टेक्सचा तुकडा थेट २.५ किंवा ३ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये गेला पाहिजे. ते आत हळू शिरतं, म्हणून तुकडा मोठा नको. फॉर्मलिनमध्ये आलेला तुकडा मात्र परत पाठवू नका. चित्र थोडं मागे पडतं, पण बहुतेक प्रश्नांची उत्तरं मिळतात.

काळे ठिपके डिपॉझिट (आजारात साठलेला थर) समजू नका

भोकांइतकाच हा घातक दोष आहे, कारण भोक सगळ्यांना दिसतं, पण ठिपका फसवतो. रेनॉल्ड्स यांचं लेड सायट्रेट हे स्टेन (सेक्शन रंगवायचं द्रावण) १९६३पासून वापरात आहे आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्यात लेड कार्बोनेटचा गाळ येतो. तो गाळ बेसमेंट मेम्ब्रेनवर पडला तर नवख्या डोळ्याला इम्यून कॉम्प्लेक्सचं डिपॉझिट वाटू शकतं. ओळखायला ग्रिड अशा जागी न्या जिथे टिश्यूच नाही, नुसतं रेझिन आहे. ठिपके तिथेही असतील तर तो स्टेनचा गाळ. शिवाय गाळ एकदम काळाकुट्ट, कडा धारदार, आणि सेक्शनच्या पृष्ठभागावर बसलेला. खरं डिपॉझिट करडं, मेम्ब्रेनच्या रेषेत मिसळलेलं. संशय उरला तर त्याच ब्लॉकचं एक सेक्शन स्टेन न करता बघा. फॉस्फेट बफर नीट धुतलं नाही तर टिश्यूभर मिरपुडीसारखे कण येतात, ते स्टेन न केलेल्या ग्रिडवरही दिसतात. मग धुण्याच्या पायऱ्या वाढवा.

स्टेन करताना पेट्री डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवायच्या, पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, आणि थेंबावर वाकून श्वास सोडायचा नाही. पावसाळ्यात त्या गोळ्या काही मिनिटांत पाणी धरून चकचकीत होतात, म्हणून दर वेळी नव्या घ्या. गाळ आलेलं ग्रिड धूत बसण्यापेक्षा नवीन सेक्शन काढा. ब्लॉक संपत आला असेल तरच धुण्याचा विचार करा.

हातातला एकमेव ब्लॉक वाचवायचा असेल तर

त्या मुलीच्या ब्लॉकचं आम्ही असं केलं. ट्रिम केलेला दर्शनी भाग तसाच ठेवून ब्लॉक काही तास ६० अंशांवर वाळवला. मग त्या भागावर ताज्या रेझिनचा थेंब ठेवून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा तास. बुडबुडे वर आले की हवा सोडायची, परत व्हॅक्यूम, असं चार वेळा. त्यानंतर ४८ तास ओव्हन. उघड्या पोकळ्यांत नवीन रेझिन बसलं आणि पृष्ठभाग टणक झाला. खोलवर गेलेला मऊपणा यातून जात नाही, पण वरचे काही मायक्रोमीटर हाती लागतात. ते फेसिंगमध्ये, म्हणजे पृष्ठभाग सपाट करताना, वाया घालवायचे नाहीत.

सेक्शन नेहमीच्या चंदेरीपेक्षा किंचित जाड, फिकट सोनेरी घेतली (पाण्यावर तरंगताना दिसणाऱ्या रंगावरून जाडी कळते). फिल्म लावलेल्या ग्रिडवर उचलली. नाइफच्या बोटीतलं (सेक्शन तरंगतात त्या हौदातलं) पाणी थोडं खाली ठेवलं, कारण मऊ ब्लॉकच्या तोंडावर पाणी चढतं आणि पुढचं सेक्शन ओढून नेतं. बीम आधी कमी मॅग्निफिकेशनवर, पसरून, मिनिटभर, मग हळूहळू वर.

दोन लूप अखंड मिळाले. ग्रेटिंगवर (ठराविक अंतराच्या रेषांच्या मोजपट्टीवर) मॅग्निफिकेशन तपासून दोन्हींवर जागोजागी मोजलं. मेम्ब्रेन सगळीकडे सारखी पातळ, २५०च्या बरीच खाली, पदर सुटलेले कुठेही नाहीत. दोनच लूप पाहिले आहेत हे मॅडमनी अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि या वयात सुरुवातीचा अल्पोर्टही असाच दिसू शकतो म्हणून कोलॅजन चारच्या (या मेम्ब्रेनच्या मुख्य प्रथिनाच्या) जनुकांची तपासणी सुचवली. अहवाल ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा गेला.